अकोल्यातला समुद्र

१

दिवाळी होऊन अकरा दिवस झाले होते. त्या रविवारी सकाळी अकोल्याचे नामांकित वकील हरिहरराव मोहरील यांच्या दिवाणखान्यातले अठरा मासे मेलेले सापडले, आणि दुपारची जेवणं व्हायच्या आत त्यांच्या टाकीची देखभाल करणारा बशीर पोलीस कोठडीत जाऊन बसला.

अमरावतीला चारुशीला अंबुलकरांना ही बातमी कळली ती सोमवारी. चारुशीलाबाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. प्रयोगशाळेत मुलं बेडूक चिरत बसली होती आणि दारात बुरख्याचा पडदा वर घेतलेली एक बाई उभी होती. पहिल्या एस.टी.नं अकोल्याहून आली होती. पायांवर धूळ होती आणि डोळे रडून रडून कोरडे झाले होते.

"बाई, मी शहाजादी. बशीरची घरवाली. वकीलसाहेबाच्या माशाइवर पेपरात तुमीच लिवलं होतं ना?"

"हो, मीच."

"मंग तुमीच सांगा पोलिसाले. माह्या मानसानं पोराइपेक्षा जास्त जपलं त्याइले. थो कावून मारीन?"

बाईंनी लिहिलं होतं खरं. 'काचेतला सागर' नावाचा लेख जूनमध्ये एका साप्ताहिकात आला होता. समुद्रापासून इतक्या दूर, वऱ्हाडच्या उन्हात, सात फुटी काचेच्या टाकीत खरं समुद्राचं पाणी, पोवळी आणि त्यांच्या आडोशानं फिरणारे पिवळे-निळे मासे. पाणी मुंबईहून काचेच्या बुधल्यांतून रेल्वेनं यायचं. ते वाचून अमरावतीतल्या तीन घरांनी तशाच टाक्या मागवल्या होत्या, आणि बाईंना त्याचा अभिमान होता. येत्या रविवारी हरिहररावांकडे मासे पाळणाऱ्यांचं प्रदर्शन भरणार होतं. परीक्षक म्हणून बाईंचंच नाव छापलं होतं.

"बशीर स्वतः काय म्हणतो?"

"कायच नाई. पोलीस इचारतात, मी इचारते, थो भिंतीकडे पाहून राह्यते."

शहाजादीचा आवाज इथे पहिल्यांदा फुटला. "बाई, खोटं बोलला असता तं मले समजलं असतं. पण थो बोलूनच नाई राहिला."

बाईंनी हात धुतले, मुलांना सुट्टी दिली आणि शहाजादीबरोबर एस.टी. स्टँडकडे निघाल्या. वाटेभर एकच गोष्ट त्यांना टोचत होती. ज्यानं काही केलं नाही, तो माणूस गप्प कशासाठी बसेल?

२

हरिहरराव व्हरांड्यातच भेटले. पंचावन्नीचा भारदस्त माणूस, आवाज कोर्टात कमावलेला.

"या बाई. परीक्षक म्हणून बोलावलं होतं, आता साक्षीदार म्हणून बघा. एका रात्रीत सगळा सत्यानाश केला त्यानं."

"कशानं?"

"सायनाइड. त्याच्या भावाचं, अब्दुल रहीमचं, मुलाम्याचं दुकान आहे. दागिन्यांवर सोन्याचं पाणी चढवायला ते विष लागतंच. बशीर रजा मागत होता, प्रदर्शन तोंडावर असताना मी दिली नाही. राग माशांवर काढला."

दिवाणखान्यात हवेचा पंप अजून बुडबुडे सोडत होता. बाजूच्या मेजावर पितळी परातीत, बर्फावर, ओल्या फडक्याखाली अठरा मासे ओळीनं मांडले होते. त्यांच्याजवळ टेरिलीनचा शर्ट घातलेला तिशीचा एक माणूस उभा होता. हरिहररावांचा भाचा कमलाकांत. कोकणातल्या खडकवेळ नावाच्या गावाहून मासे आणि पोवळी आणण्याचं काम त्याचं.

"पाहा बाई," तो म्हणाला, "एकेक नग मी स्वतः निवडलेला. एकाचं खवलं उडालेलं नाही, एकाचा पर फाटलेला नाही. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडेसुद्धा असा माल मिळणार नाही."

बाईंनी चष्मा सावरला आणि एकेका माशाचे कल्ले उचलून पाहिले. फिकट, मळकट, राखाडी. त्यांनी पुन्हा पाहिले. मग डोळे पाहिले. सहा-सात माशांचे डोळे अजून पाणीदार होते. बाकीच्यांचे खोल गेलेले आणि दुधाळ झालेले.

त्या टाकीकडे वळल्या. मधोमध पोवळ्याचं मोठं झुडूप होतं. जूनमध्ये त्यांनी पाहिलेलं पोवळं तपकिरी होतं, मखमलीसारखं, अंगभर बारीक तोंडं उघडलेलं. हे त्याच जागी ठेवलेलं दुसरं झुडूप होतं आणि हाडासारखं पांढरं पडलं होतं. त्याच्या बुडाशी दोन बोटं रुंद तिरका घाव होता. पहारीचा.

पोवळ्याच्या फांदीवर एक लांब मिशांची झिंगी बसून पाय साफ करत होती. काचेवरून गोगलगाय सावकाश वर चढत होती. आणि कोपऱ्यातल्या दगडाखालून अंगठ्याएवढा, मातकट रंगाचा एक मासा बाहेर डोकावून परत आत गेला.

"हा कोण?"

कमलाकांत हसला. "तो भुरा? तो आणलेला नाही. मागं मे महिन्यात बशीर माझ्याबरोबर आला होता, तेव्हा भरती ओसरल्यावर खडकातल्या डबक्यातून ओंजळीत धरून घेऊन आला. मामांना तो टाकीत नकोच होता. दिसायला अगदीच दरिद्री."

बाईंची नजर परत परातीकडे गेली. कॉलेजात कीटक मारायच्या बाटल्यांच्या तळाशी सायनाइड असतं. फुलपाखरू आत सोडलं की वहीत तारीख लिहून होईपर्यंत संपतं. त्या विषानं तडकाफडकी मेलेल्या जिवाचं रक्त लालबुंद राहतं, कल्ले कुंकवासारखे दिसतात. इथे एकही कल्ला लाल नव्हता. आणि पाण्यात विष पडलं असतं तर मोठ्या माशांच्या आधी ती झिंगी उलटी झाली असती.

गोगलगाय काचेच्या काठाशी पोचली होती. तिच्याकडे बघताना बाईंच्या मनात आलं की हा वकील माणूस आपल्यासमोर खोटं बोलतो आहे, आणि आपण ते ओळखणार नाही अशी त्याची खात्री आहे.

३

मागच्या पडवीत हरिहररावांच्या पत्नी विमलताई संत्री निवडत बसल्या होत्या. वरूडहून पाटी आली होती. चांगली एका टोपलीत, डागी दुसऱ्या. बाईंना त्यांनी पाट दिला, एक संत्रं सोलून हातात ठेवलं.

"एका रात्रीत सगळे गेले, असं म्हणतात," बाई म्हणाल्या.

"कोण म्हणते?" विमलताईंनी वर न बघता विचारलं. "बुधवारी दोन गेले. गुरुवारी पाच. शुक्रवारी दिवसभर यांनी कोर्टातून दोनदा माणूस पाठवला, आज किती गेले म्हणून विचाराले. मेलेले पुरू नका म्हणाले. सोडा फॅक्टरीतून बर्फ आणवला अन् ठेवले."

परातीतले ते दुधाळ डोळे आता बाईंना समजले. चार-पाच दिवसांचे मासे एका सकाळचे म्हणून मांडले होते.

"पाण्यात काही बिघाड झाला होता का? इथलं विहिरीचं पाणी खारट असतं. ते तर नाही पडलं?"

"बशीर पावसाच्या पाण्याशिवाय थेंब टाकू देत नव्हता त्याच्यात. मी एकदा फुलदाणी धुवाले तांब्या बुडवला तं दोन दिवस माझ्याशी बोलला नाही." विमलताई जराशा हसल्या, मग हसू गेलं. "अन् ही काही पहिली बार नाही. ही तिसरी खेप. ऑगस्टची बाराव्या दिवशी गेली. तुम्ही लेख लिहिला ना, ती पहिली. ती तं तुमचा लेख छापून आला तवाच अर्धी संपली होती."

बाईंच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं.

"मला कोणी कळवलं नाही."

"कळवून काय करता बाई? नवे आणले होते. तुम्ही आणखी एक लेख लिहिला असता."

ते शब्द विमलताईंनी अजिबात रागानं म्हटले नव्हते, म्हणूनच ते लागले. तीन खेपा. प्रत्येक खेपेतले मासे नीट खाऊ लागायचे, रंग चढायचे, आणि दहा-बारा दिवसांनी एकामागून एक मरायचे. त्याच पाण्यात, तेच खाऊन, तो ओंजळीत आलेला भुरा मात्र सहा महिने जगला होता.

मग फरक पाण्यात नव्हता. फरक धरण्यात होता.

"विमलताई, यावेळी बशीर खडकवेळला गेला होता?"

"गेला होता ना. दिवाळीच्या आदल्या दिवशी आला. आला तो जेवला नाही. यांच्याशी बंद खोलीत काहीतरी बोलला." त्यांनी आवाज खाली घेतला. "एवढंच ऐकू आलं, 'मी बाईले सांगतो.' आमच्या घरी बाई म्हणजे तुम्हीच."

४

फौजदार चंद्रभान इंगळे सरळ माणूस होता, पण वकिलाच्या फिर्यादीपुढे जरा दबलेला. बाईंनी मागितल्यावर त्यानं फिर्याद दाखवली.

"मॅडम, फिर्याद पक्की आहे. रविवारी सकाळी नऊला दिली. दुपारी दोनला आमी अब्दुल रहीमच्या दुकानाची झडती घेतली. विषाचा एक डबा कमी निघाला. अब्दुल रहीम म्हणते चोरी गेला असन. आता याच्यावर काय बोलता?"

बाईंनी फिर्याद दोनदा वाचली. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाचलंत? 'सदर दुकानातील साठा तपासल्यास एक डबा कमी आढळेल.' नऊ वाजता. तुमची झडती दोनला."

इंगळे पुढे वाकला. त्यानं टोपी काढून मेजावर ठेवली आणि ती ओळ पुन्हा वाचली. "अंदाज असन त्याइचा."

"चोरी झाली असेल, हा अंदाज. एकच डबा, हा अंदाज नाही."

फौजदारानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग त्यानं शिपायाला किल्ली आणायला सांगितली.

बशीर चाळिशीचा, लांब हाडांचा माणूस. पूर्वी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होता. कोठडीत तो गुडघे जवळ घेऊन बसला होता. बाईंना बघून उठला, सलाम केला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

"बशीरभाई, मी तुम्हाला काही विचारत नाही. मीच सांगते, चुकलं तर सांगा. विष अकोल्यात टाकलंच नाही."

त्याची पाठ हलली.

"पोवळ्यात राहणारा मासा धोका दिसला की फटीत शिरतो. जाळ्यानं अठरा धरले तर निम्म्यांचे पर फाटतात. इथं एकाचं खवलं उडालेलं नाही. म्हणजे ते पळालेच नाहीत. कोणीतरी फटीत विषाचं पाणी सोडलं, ते गुंगले, आणि पहारीनं पोवळं फोडून एकेक उचलून घेतले. चांगल्या पाण्यात टाकले की शुद्धीवर येतात, दहा दिवस खातातही. आतून मात्र सडलेले असतात. मेळघाटात लोक झाडाची साल टाकून डोहातले मासे गुंगवतात हे मी पाहिलंय. हे त्याहून वाईट. सायनाइड. बरोबर?"

बशीर वळला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता.

"रबराचा फुगा लावलेली बाटली राह्यते, बाई. बुडी मारून फटीत दाबाची. पानी दुधासारखं होते. मासे आडवे पडतात. ते घ्याचे. बाकी समदं तिथंच रायते. पोवळी चार दिसात पांढरी पडतात. खेकडे, पिल्लं, अंडी, समदं. अठरा मासे आनाले कमलाकांतभाऊनं एवढं रान मारलं." त्यानं दोन्ही हात पसरून कोठडी दाखवली. "याच्या शंभरपट."

"मग हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"विष कोणाच्या दुकानातून गेलं? माह्या भावाच्या, हे मले झडतीनंतरच समजलं. परवान्याबाहेर देल्लं त्यानं. त्याले पाच लेकरं हायेत." तो थांबला. "अन् नुसते मासेच असते तं मी भांडलोही असतो. तिथं मानूस मेला, बाई."

५

सहदेव नावाचा पाणबुड्या. खडकवेळचा, तिशीतला. कमलाकांत त्याला बाटली भरून द्यायचा आणि आत काय आहे ते सांगायचा नाही, 'माशांना झोपवायचं औषध' एवढंच. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका हातात पहार, दुसऱ्या हातात बाटली, म्हणून सहदेवनं पाण्याखाली बूच दातांनी उपटलं. बशीर होडीत होता. सहदेव वर आला तेव्हा श्वास घ्यायला तोंड उघडत होता आणि श्वास आत जात नव्हता. कमलाकांतनं गावाला सांगितलं की दम लागून बुडाला. संध्याकाळीच त्याला जाळलं. दुसऱ्या दिवशी कमलाकांत दुसरा पाणबुड्या शोधत होता, कारण बारा मासे झाले होते आणि मामांना अठरा हवे होते.

हे ऐकून बाई कोठडीबाहेर आल्या. फौजदार इंगळेनं सगळं दाराआडून ऐकलं होतं.

"मॅडम, हा आरोपी हाय. आरोपीच्या बोलन्यावर वकीलसाहेबाले हात लावता येत नाई. कागद पाह्यजे."

कागद अब्दुल रहीमकडे असेल, तर तो देणार नाही हे बाईंना कळत होतं. तरी त्या गेल्या. दुकान अरुंद होतं, आत आम्लाचा वास, तारांवर टांगलेल्या बांगड्या. अब्दुल रहीम दाढी पिकलेला, बोटं डागाळलेला माणूस. त्यानं बसायला स्टूल पुढे केलं आणि म्हणाला, "चोरी झाली बाई. मले कायच मालूम नाई."

"तुमचा भाऊ आत आहे."

"अल्ला सोडवन त्याले."

"तो तुमच्यासाठी गप्प आहे. तुम्ही परवान्याबाहेर डबा दिलात हे कळू नये म्हणून त्यानं माशांच्या खुनाचा आळ डोक्यावर घेतला. आणि तुम्ही चोरी सांगता तेव्हा तो चोर ठरतो. तुमच्या घरातला चोर दुसरा कोण असणार?"

अब्दुल रहीमचा हात बांगडीवर होता तिथेच थांबला. मग तो उठला, सोनं तोलायच्या तराजूची लाकडी पेटी उघडली, वजनांखालची मखमल उचलली आणि एक चिठ्ठी काढली.

"वकीलसाहेबाचा मान्सावर उपकार राह्यतो. मुकदमे चालतात आपले. नाई कसं म्हनाचं? दसऱ्याच्या आदल्या दिशी कमलाकांतभाऊ घिऊन आला."

वकिलीच्या छापील कागदावर हरिहररावांचं वळणदार अक्षर होतं. 'देवघरातील चांदी उजळण्याकरिता एक डबा सायनाइड चि. कमलाकांत याचेजवळ द्यावा.' खाली सही, तारीख.

"मी सजा भोगतो, बाई," अब्दुल रहीम म्हणाला. "पन माह्या भावाले घरी येऊ द्या."

६

मंगळवारी संध्याकाळी इंगळे फौजदार आणि चारुशीलाबाई बंगल्यावर गेले. हरिहरराव, कमलाकांत आणि विमलताई दिवाणखान्यात होते. टाकी तशीच उजळलेली.

बाईंनी बसायला नकार दिला आणि उभ्यानंच सांगितलं. चार दिवसांत मेलेले मासे एका रात्रीचे म्हणून मांडले, ते त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. ताज्या विषानं ते मेले नाहीत, ते कल्ल्यांवरून कळलं. पाण्यात विष नव्हतं, ते झिंगीनं, गोगलगाईनं आणि भुऱ्यानं सांगितलं. डबा कुठे गेला हे फिर्यादी झडतीच्या पाच तास आधी जाणत होता, कारण डबा त्यानंच मागवला होता.

त्यांनी चिठ्ठी मेजावर ठेवली नाही. फौजदाराच्या हातातून लांबूनच दाखवली.

"बशीर मला सहदेवबद्दल सांगणार होता. येत्या रविवारी, प्रदर्शनात, सगळ्यांसमोर सांगितलं असतं. मासे मरायला लागले आणि तुम्हाला वाट सापडली. विषाचा डबाही हिशेबात बसला आणि बोलणारा माणूसही गुन्हेगार झाला. कोर्टात चोराचं कोण ऐकतं?"

कमलाकांतच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "मामा, मी तुम्हाला म्हटलं होतं की—"

"तू गप्प बस." हरिहरराव खुर्चीत मागे टेकले. त्यांचा आवाज अजून शांत होता, आणि बाईंना तीच गोष्ट सहन होईना. "चारुशीलाबाई, भावनेच्या भरात जाऊ नका. चांदीसाठी विष मागवणं गुन्हा नाही. भाच्यानं पुढं काय केलं ते मला ठाऊक नव्हतं. पाणबुडे बुडतात. राहता राहिला समुद्र. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही. पोवळं मेलं म्हणून कोण फिर्याद देणार? कुठल्या कलमाखाली?"

"कलम नाही," बाई म्हणाल्या. "मला माहीत आहे की नाही. म्हणून तर तुम्ही इतके निवांत आहात. हजारो वर्षं लागली ते वाढायला. बोटाच्या पेराएवढं वाढायला वर्ष जातं त्याला. तुम्ही ते चार दिवसांत पांढरं केलं, एका भिंतीला शोभा यावी म्हणून, आणि तीही बारा दिवसांची शोभा. तुम्हाला पहिल्या खेपेनंतर कळलं होतं की ते मरणार. तरी दुसरी मागवली. दुसरी मेली, तिसरी मागवली."

"तुम्हीच कौतुक केलंत त्याचं. छापून."

"हो. केलं." बाईंनी टाकीकडे बोट केलं. "मी प्राणिशास्त्र शिकवते आणि हे मासे कसे धरले, हा एक प्रश्न मी विचारला नाही. रंग बघत बसले. माझ्या लेखानं आणखी तीन टाक्या झाल्या, त्या तीन घरांसाठी कोणीतरी आत्ता कुठंतरी बाटली भरत असेल. तुम्हाला मी माफ करणार नाही, हरिहरराव, पण माझं नाव त्यातून काढूनही घेणार नाही. जबाब देताना तेही लिहून देणार आहे."

विमलताई एवढा वेळ खिडकीशी उभ्या होत्या. त्या फौजदाराकडे वळल्या.

"इंगळेसाहेब, दिवाळीच्या आदल्या दिवशी बशीरनं यांना सांगितलं, की सहदेव विषानं मेला. बंद दाराआडून मी सगळं ऐकलं, बाईंना अर्धंच सांगितलं होतं. माणूस मेला हे यांना तेव्हापासून माहीत आहे. माझाही जबाब घ्या."

हरिहररावांनी पहिल्यांदा मान फिरवून बायकोकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या वकिलीत त्यांच्याविरुद्ध कोर्टात बऱ्याच जणांनी साक्षी दिल्या असतील. घरात ही पहिली.

७

बशीर त्याच रात्री घरी गेला. अब्दुल रहीमला परवान्याबाहेर विष दिल्याबद्दल दंड झाला आणि सहा महिने दुकान बंद राहिलं. कमलाकांतवर निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याचा खटला झाला. दीड वर्षाची शिक्षा झाली आणि अपिलात नऊ महिन्यांवर आली. हरिहररावांवर खोट्या फिर्यादीचा खटला उभा राहिला तो तीन वर्षं तारखांवर लोंबकळत राहिला, आणि त्या तीन वर्षांत त्यांची वकिली बिनबोभाट चालू होती. पोवळ्यांबद्दल कोणावर कसलाच खटला झाला नाही. तसं कलम नव्हतं.

बाईंनी साप्ताहिकाला दुसरा लेख दिला. संपादकांनी तो परत पाठवला. 'विषय वाचकांना निराश करणारा आहे,' असं सोबतच्या पत्रात होतं.

जानेवारीत बशीरला घेऊन त्या खडकवेळला गेल्या. सहदेवच्या बायकोला, माणिकबाईला, खरं काय झालं ते तिच्यासमोर बसून कोणीतरी सांगायला हवं होतं. चिठ्ठी पाठवून ते काम होणार नव्हतं.

ओहोटी होती. माणिकबाई खडकांवर कालवं फोडत होती. काळीसावळी, पंचविशीची, कमरेला कोयती. बशीरनं तिला सगळं सांगितलं. बूच, बाटली, बाटलीत काय होतं ते. तिनं ऐकून घेतलं. मधे एकदा डोळे पुसले आणि पुन्हा कालवं फोडू लागली, कारण पाणी वाढायच्या आत टोपली भरायची होती.

मग तिनंच त्यांना होडीतून पुढं नेलं. पाणी इतकं नितळ होतं की तळ दिसत होता. बाई होडीच्या काठावर ओणव्या झाल्या. खाली दूरवर, नजर पोचेल तिथवर, पांढरं पोवळं पसरलं होतं. फांद्या मोडलेल्या, बुडाशी पहारीचे घाव. काही ठिकाणी त्याच्यावर हिरवं शेवाळ चढायला लागलं होतं. एकही मासा नव्हता. बाईंनी वाट पाहिली. एकही आला नाही.

"इथं आधी खूप होते," माणिकबाई म्हणाली. "आम्ही लहानपणी पोहायला यायचो तर पायाला लागायचे. यंदा जाळ्यालापण काही नाही. मोठे मासे खायला यायचे ते बारके गेले, म्हणून मोठेही गेले."

तिनं वल्हं पाण्यातून उचललं. होडी जागच्या जागी हलत राहिली.

"बाई, एक विचारू? तिकडं तुमच्या गावात ते मासे नेऊन लोक काय करतात? खातात?"

"खात नाहीत."

"मग?"

बाईंना खोटं बोलायचं नव्हतं, आणि बरं वाटेल असं खरं काही त्यांच्याजवळ नव्हतं.

"बघतात," त्या म्हणाल्या. "पाहुणे आले की दाखवतात. समोर बसून चहा पितात."

माणिकबाईनं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, आपल्याला नीट ऐकू आलं की नाही अशा नजरेनं. मग तिनं वल्हं पाण्यात घातलं आणि होडी किनाऱ्याकडे वळवली.